सासूबाईंच्या खोलीतली गादी

अहो, तिथे नको, तिथे नको – आत्ताच फिनेलनं पुसून घेतलंय – गादी इकडे खिडकीशी पसरा. आणि सावकाश उलटा, नाकाला रुमाल लावून मी तरी किती वेळ बोलणार? तर काय सांगत होते – हां, कापूस. कापूस चांगला आहे, तुमच्या वडिलांनीच भरली होती ना ही? मग तुम्हाला ठाऊकच, सासूबाई असल्या बाबतीत किती चोखंदळ. कापूस तोच ठेवा, पिंजून, चांगला उन्हात घालून. खोळ मात्र नवी. ही जुनी दुकानात नेऊसुद्धा नका, बाहेरच्या बाहेर जाळा. आणि एवढी मोठी नकोय, आमच्या कुत्र्याच्या मापाची शिवा. हसायला काय झालं? त्याला फरशी गार लागते.

वास येतोय ना? नाही? कमाल आहे तुमच्या नाकाची! ते तेल हो – डोंगरातले लोक कसल्या तरी बियांचं काढतात, अंगाला चोपडतात, केसांना चोपडतात – शी! सासूबाईंचं करायला ठेवली होती ना बाई, ती डोंगरातलीच. इथले मूळचे म्हणे तेच. हा आमचा बंगला आहे ना, इथेही पूर्वी त्यांच्याच झोपड्या होत्या असं सांगतात. असतील. आधीपासूनचे म्हणून काय मालकिणीच्या गादीवर झोपायचं?

झोपायची हो! खोटं सांगत नाही. तिला वेगळं ताट होतं, जिन्याखाली जागा होती, चटई होती – चांगली, न फाटलेली – आणि ही बया इथे, सासूबाईंच्या शेजारी. आणि त्यांना म्हणायची काय? आई! मी सून असून जन्मभर ‘सासूबाई, सासूबाई’ करत राहिले, आणि ही कुठली कोण – आई!

कळलं कसं? त्या गेल्या ना, त्या सकाळी. एरवी मी आत कशाला येतेय – म्हणजे, यायचे हो, रोज यायचे, दारापर्यंत. ‘बरं वाटतंय का’ विचारायचे. अंथरुणाला खिळलेलं माणूस, पाठीला जखमा झालेल्या – मला नाही सोसत, लगेच डोकं धरतं. हे तर दारातूनच मागे फिरायचे. सख्खी आई असली म्हणून काय झालं, प्रकृती असते एकेकाची. आमच्या मुलीचं तर नावच काढू नका. म्हणून तर बाई ठेवली! जखमा ती धुवायची, त्यावर ते तेल लावायची – हो, तेच तेल. डॉक्टर म्हणालेही होते, जखमा सुकताहेत म्हणून. ते असो.

तर त्या सकाळी दार ढकललं, आणि बघते तर ही पलंगावर! हिचा हात सासूबाईंच्या मानेखाली, आणि सासूबाईंचं तोंड हिच्या गळ्याशी खुपसलेलं, तान्ह्या मुलासारखं. आणि मलाच म्हणते, ‘हळू बोला, बाईसाहेब. आई गेल्या.’ हळू बोला! माझ्याच घरात! अशी किळस आली म्हणून सांगू, मी ओरडलेच – ‘आधी खाली उतर!’ ... हो, तेच. तेच पहिलं म्हणाले. काय म्हणतात मग अशा वेळी? तुम्ही सांगा.

त्याच दिवशी काढली तिला. तर जाताना मागितलं काय? कपडे नाहीत, भांडी नाहीत – ‘ही गादी द्या.’ तेव्हापासून रोज येऊन फाटकाशी बसते. येताना दिसली असेल तुम्हाला. बोललात? ... बरं. मी तोंडावर सांगितलंय, कुत्र्याला घालीन, तुला नाही. कुत्रा आमच्या घरचा आहे!

घ्या, काढा कात्री. थांबा, दाखवते तुम्हाला, म्हणजे पटेल. ही अशी भिंतीकडे झोपत असणार, इथे पडला असेल बघा खड्डा तिचा – इथे – नाही, इथे सपाट आहे. मग या कडेला. ... इथेही सपाटच. हा मधेच आहे. एकच. असं कसं? माणसं दोन ना? दोन पडायला हवेत. आमच्या पलंगावर बघा, लग्नापासूनची गादी, ह्यांचा त्या टोकाला, माझा या टोकाला, आणि मधला कापूस अजून नवाकोरा. आणि इथे – केवढा खोल आहे हो. हात अख्खा जातो.

रुमाल? पडला असेल. असू दे.

काय म्हणालात? तिला देऊन टाका? तुम्हाला कुणी विचारलं? नाही. तिला नाही मिळायची. ... कुत्र्यालाही नको. कुणालाच नको. ठेवा ती कात्री आत, कापू नका, पडू दे इथेच.

माझा हात काय बघताय? काढते मी. तुम्ही निघा. आणि दार ओढून घ्या.