पेलाभर दूध

क्लेअर परगण्यातल्या एका खेड्यात, दवाखान्याच्या बाकावर नोरीन दुखरी दाढ धरून बसली होती. शेजारी म्हातारी डिम्फना आपल्या नणंदेला, असंप्टाला, तावातावाने काही सांगत होती.

“मे महिन्याची पहिली सकाळ. आदल्या संध्याकाळीच मी उंबऱ्यावर पिवळी फुलं पसरली होती. आणि ही डेलिया दारात उभी. म्हणे, पेलाभर दूध दे.”

“त्या दिवशी?”

“बघ ना. त्या दिवशी घरातून दूध, मीठ, विस्तव काही बाहेर जाऊ देत नाहीत, हे शेंबड्या पोरालाही कळतं. दिलं की वर्षभराचं लोणी गेलं.”

“तिला ठाऊक नव्हतं?”

“न ठाऊक असायला काय झालं? चाळीस वर्षं शेजारी राहतेय.”

“मग मागितलं कशाला?”

“नवऱ्यासाठी. आठ दिवस त्याच्या पोटात काही ठरत नव्हतं. त्या सकाळी म्हणाला म्हणे, दूध घेईन.”

“मग दिलंस का, वहिनी?”

“उद्या ये म्हटलं. एका दिवसाचा तर प्रश्न होता. तो संध्याकाळीच जाईल, हे मला कोणी सांगितलं होतं?”

नोरीनने दाढेवरचा हात काढून डिम्फनाकडे पाहिलं.

“दुसऱ्या दिवशी मी आपण होऊन गेले. पेला नाही, भरलेली किटली घेऊन गेले. तर त्या बाईने माझ्यादेखत ती अंगणात ओतली. अख्खी किटली, असंप्टा. वर बोटभर साय होती. दूध असं कोणी ओततं का?”