रद्द न होणारी खोली

दोन हजार चोवीस साल, ऑगस्टचा दुसरा आठवडा, बाहेर एकोणपन्नास डिग्री, कुवेतमधल्या सालमियाच्या रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही, आणि मी काय करतोय? मी जर्मनीत पंखा शोधतोय! तुम्हाला सांगतो, त्या देशात खोलीला पंखा नसतो. एसी नाही ते नाही, पंखापण नाही. नात म्हणते, "आजोबा, इट्स कोल्ड देअर." अगं, थंडी असेल, पण भिंत बांधली, छत बांधलं, मग छताला एक हूक ठेवायला काय होतं? हूकपण नाही! मी फोटोत बघितलं ना, मोठं करून करून बघितलं.

हसताय? हसा. मी मोरेश्वर, सातवी पास, चाळीस वर्षं कुवेतमध्ये फिटर, त्यातली तीस अम्गऱ्याच्या भंगारबाजारात. भंगारातून आणलेलं इंजिन चालू करून दिलंय मी. पण हॉटेलची खोली शोधणं हे काम मला जमलं नाही, हे इथेच सांगून टाकतो.

तुम्ही म्हणाल, या वयात जर्मनीत काय ठेवलंय? विनिता ठेवलीये. म्हणजे राहते. नर्स आहे, रत्नागिरीकडची. दोन हजार एकोणीसचा डिसेंबर होता. आमच्या मंदाचं पित्ताशयाचं ऑपरेशन निघालं. मुलगा आशय, सून, नात आर्या, सगळे सुट्टीला गावी गेलेले. मी रिफायनरीच्या शटडाऊनवर, म्हणजे दुरुस्तीच्या कामावर, बारा-बारा तासांची पाळी, सोडून येता येत नाही. मंदाला घरी सोडायची वेळ आली तर घरी माणूस कोण? कोणी नाही. तर वॉर्डातली ही नर्स, ओळख चार दिवसांची, ही मंदाला उचलून आपल्या बनेद अल-गारच्या खोलीवर घेऊन गेली. अकरा दिवस ठेवली. पेज करून घातली. केस विंचरून वेणी घातली. अहो, आमच्या मंदाचे केस मी लग्नात पाहिले तेवढेच, पुढे कोण बघतंय!

बाराव्या दिवशी मी पाकीट घेऊन गेलो. तिने ते पाकीट माझ्याच खिशात परत घातलं आणि वरून खिसा थोपटला. "काका, ठेवा ते. माझी आई असती तर?"

खिसा थोपटला! मला! मी कुणाचा चहा प्यायलो तर दुसऱ्या दिवशी त्याला जेवायला घालतो. आपल्याला कुणाचं फुकट नको! आणि ही पोरगी पुढच्या वर्षी जर्मनीला निघून गेली, रेगेन्सबुर्ग नावाच्या गावात, आणि माझा खिसा तसाच थोपटलेला राहिला.

तर यंदा मंदा म्हणाली, "विनिताला भेटायचंय." बरं, जाऊ. विनिताचा फोन, "काका, घरीच उतरा हं, हॉटेल-बिटेल काही नाही." म्हटलं, बघा! अजून! आधीचं फिटलं नाही आणि ही आणखी चढवतेय! मी म्हटलं, "आम्ही हॉटेलात उतरणार. माझ्या पैशाने. भेटायला येऊ, चहा घेऊ, परत जाऊ."

आशय म्हणाला, "बाबा, ऐतिहासिक शहर आहे ते, हॉटेलं महाग असतात." आशय बँकेत आहे, त्याला सगळंच महाग. म्हटलं, आपण स्वस्तातलं बघू. आर्याला बसवलं लॅपटॉप घेऊन. तेरा वर्षांची पोर, मी मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते, दोघांचं भागतं.

पहिलं हॉटेल. किती? अमुक. का इतकं? "आजोबा, इट्स सिक्स हंड्रेड इयर्स ओल्ड." सहाशे वर्षांची इमारत? मग कमी पाहिजे ना! "नो आजोबा, दॅट्स व्हाय इट्स एक्स्पेन्सिव्ह." आता तुम्ही सांगा! अम्गऱ्यात जुनं म्हटलं की किंमत निम्मी, गंज असेल तर निम्म्याची निम्मी. आणि इथे भिंतीला पोक आलंय, जिना वाकडा, दारातून आत जायला मान वाकवावी लागते, तर म्हणे त्याचेच पैसे! मी म्हटलं, नवी इमारत बघ. तर नवी गावाबाहेर, आणि तिथून यायला बस. जुनी बघ. जुनीत लिफ्ट नाही. लिफ्टवाली बघ. तिच्यात न्हाणीघर सामायिक! या वयात मी खांद्यावर पंचा टाकून बोळात रांग लावू? आणि संडासात पाण्याचा फवारा, ज्याला आपण इथे शत्ताफ म्हणतो, तो त्या अख्ख्या गावात एका हॉटेलात नाही. कागद! मंदाने त्याच दिवशी प्लास्टिकचा मग काढून बॅगेत ठेवला. व्हिसाचा पत्ता नाही, तिकिटाचा पत्ता नाही, पण मग बॅगेत.

शेवटी एक सापडलं. अकरा रात्री, परवडेल असं. चौथा मजला, लिफ्ट नाही, न्हाणीघर बोळात, सकाळचा नाश्ता धरून. मालकीण एक म्हातारी. म्हटलं, फोन लाव.

"आजोबा, यू जस्ट क्लिक."

क्लिक? माल न बघता? अम्गऱ्यात माझा जुना भागीदार अहमद, पेशावरचा, तो एकच सांगायचा, "भाई, पहले माल देखो, फिर जेब देखो." म्हटलं, लाव फोन, चित्राचा लाव. लावला. म्हातारी आली पडद्यावर. पांढरे केस, चष्मा, तोंडावर माशी बसली तर माशीच घाबरेल असा चेहरा. मी आर्याला म्हटलं, विचार, नळाला दाब किती आहे? विचार, गादी कापसाची की स्पंजाची? विचार, खिडकी नीट लागते का? म्हातारी "यो... यो..." म्हणजे हो-हो करत फोन हातात धरून चार मजले चढली हो! धापा टाकत! खिडकी उघडून दाखवली, लावून दाखवली. म्हटलं, बाई कामाची आहे. आता भाव. म्हटलं, विचार, अकरा रात्री आहेत, लास्ट किती?

"शी सेज, द प्राइस इज द प्राइस."

मी मान हलवली. म्हटलं, सांग, आम्ही दुसरीकडे बघतो. ही आपली पद्धत असते. आपण चार पावलं जायचं, मागून हाक येते, "या हाजी, तआल तआल!", म्हणजे ये ये, की परत फिरायचं. आर्याने सांगितलं. म्हातारी म्हणाली, "गुड." आणि फोन बंद.

बंद!

दहा मिनिटं मी त्या काळ्या पडद्याकडे बघत बसलो. हाक आली नाही. आयुष्यात पहिल्यांदा. मग म्हटलं, घे बाई, क्लिक कर.

आता पुढचं ऐका, इथेच सगळं झालं. आर्या म्हणाली, दोन भाव आहेत. एक, रद्द करता येईल तो, जास्त. दुसरा, रद्द होणार नाही तो, कमी. आशय आतून ओरडला, "बाबा, रद्द होणारं घ्या! काही सांगता येतं का?" मी म्हटलं, रद्द कशाला करायचं? मोरेश्वरने दिलेला शब्द कधी रद्द केलाय? रद्द करणारी माणसं वेगळी. "बाबा, शब्दाचा काय संबंध?" संबंध आहे! लाव कमीवालं!

आणि तारीख? म्हटलं, सहा ऑक्टोबर, रविवार. आठवड्याचा पहिला दिवस, सगळं उघडं असतं, दूध-भाजी घेऊन टाकू. आशय परत, "बाबा, तिकडे रविवारी..." म्हटलं, तू बँक बघ! चाळीस वर्षं माझा रविवार कामाचा. इथे शुक्रवारी शटर खाली, रविवारी वर. लहानपणी शाळेत रविवारी सुट्टी असायची म्हणा, पण शाळाच सातवीला सुटली, तिच्याबरोबर रविवारपण गेला.

व्हिसा झाला. खोलीचा कागद दाखवला म्हणून झाला, हेही खरं. मी ताठ. आपल्याला कुणाचं फुकट नको!

निघायला आठ दिवस राहिले आणि विनिताचा फोन. मंदाशी बोलली. हसून बोलली. म्हणाली, "काकू, सायकलवरून पडले, दगडी रस्ता ना इथला, उजवा हात मोडलाय. काही नाही हो, तुम्ही या, आपण बाहेर जेवू." मंदाने फोन ठेवला. मग म्हणाली, "एका हाताने केस कसे विंचरत असेल?"



"मी तिच्याकडे राहणार," मंदा म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं. बेचाळीस वर्षांत असं तीनदा झालंय.

म्हटलं, ठीक, पण विनिताची एक खोली, एक पलंग, एक कोच. मी कुठे? "तुमचं हॉटेल आहे ना?" म्हणाली. आहे! दोन माणसांचं, अकरा रात्रींचं! म्हटलं आर्या, फोन लाव त्या म्हातारीला, सांग एकच माणूस येतोय, निम्मे कर. नाहीतर रद्द कर, मी आशयच्या कोण्या मित्राकडे... नाही, मित्राकडे नाही, ते फुकट होतं. निम्मे कर.

म्हातारी पडद्यावर. तोच चेहरा. आर्याने सगळं सांगितलं, हात मोडला, नर्स, सगळं. म्हातारीने ऐकून घेतलं. मग काहीतरी बोलली. मी म्हटलं, काय म्हणाली? आर्या माझ्याकडे बघेना.

"शी सेज... यू गेव्ह युअर वर्ड."

तुम्हाला सांगतो, माझं वाक्य मला जर्मनीतून परत आलं!

आणि मग तो रविवार. सकाळी विमान म्युनिकला, तिथून रेल्वे, साडेदहाला रेगेन्सबुर्ग. मंदा म्हणाली, थेट विनिताकडे जाऊ. म्हटलं, नाही, आधी खोलीचा ताबा. बॅगा ओढत दगडी रस्त्यावरून, खडखड खडखड, अख्खं गाव झोपलेलं, दुकानं बंद, दूध बंद, भाजी बंद, माणूस नाही, नुसत्या घंटा वाजतायत. हॉटेलचं दार बंद! दारावर एक लोखंडी डबी, डबीला आकडे. किल्ली आत. आकडे कुठे? आकडे ईमेलवर. ईमेल कुणाचा? आर्याचा. आर्या कुठे? शाळेत! का? कारण कुवेतमध्ये आज रविवार आहे, सगळी शाळेत आहेत! आशयला लावला, "बाबा, मीटिंगमध्ये आहे," बंद. म्हणजे बघा, तिकडे सगळे कामाला म्हणून कोणी नाही, इकडे सगळे सुट्टीला म्हणून कोणी नाही, आणि मधे फुटपाथवर मी, मंदा, दोन बॅगा आणि एक प्लास्टिकचा मग.

"विनिताला फोन करते," मंदा म्हणाली.

"नाही."

केला तिने.

ती आली. चालत. गळ्यात हात बांधलेला, केस रबराने कसेतरी गुंडाळलेले, डाव्या हातात थर्मास. "काका, चहा घ्या आधी." काय करता? दात वाजत होते. घेतला. फुकट.

दुपारी आर्या शाळेतून सुटली, आकडे मिळाले, मी चौथ्या मजल्यावर गेलो. त्रेसष्ट पायऱ्या. पलंग दोन माणसांचा. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला माझी टोपी.

मग असे अकरा दिवस. सकाळी म्हातारीचा नाश्ता, ती बोलत नाही, मी बोलत नाही. तिसऱ्या दिवशी बोळातल्या न्हाणीघराचा नळ ठिबकत होता. मला ठिबकणारा नळ सहन होत नाही. तिच्याकडून पाना मागितला, पाच मिनिटांत बसवला.  दुसऱ्या दिवशी माझ्या बशीत दोन अंडी. म्हटलं, हं! ही पण आपल्यातलीच. हिलाही कुणाचं फुकट नको. मी खिडकीची कडी घट्ट केली, तिने जॅमची बाटली ठेवली. मी दाराच्या बिजागरीत तेल घातलं, तिने मोजे दिले. लोकरीचे. तिथे मी थांबलो, म्हटलं हे काही संपणारं नाही.

आणि नाश्ता झाला की विनिताकडे. मंदा तिची वेणी घालायची, भात कालवून द्यायची. मी? मी कोपऱ्यात बसून काय करू? भांडी पडलेली असायची. घासली. होय, मी. रोज. बेचाळीस वर्षांत घरी एक कप विसळला नाही, आणि जर्मनीत अकरा दिवस भांडी घासली, तीपण नीट, कडेचं तूप काढून. मंदाने पाहिलं.  आता इथे सालमियात रोज संध्याकाळी सिंककडे बघते आणि मग माझ्याकडे बघते, तो भाग वेगळा.

तो दगडी पूल, नऊशे वर्षांचा म्हणतात, लोक लांबून बघायला येतात. मी त्याच्यावरून रोज गेलो, हातात भाजीची पिशवी. चांगला आहे. सांधे घट्ट आहेत.

निघायच्या दिवशी विनिता स्टेशनवर आली. वेणी घट्ट घातलेली. गाडी लागली. तिने डावा हात कोटाच्या खिशात घातला. मी म्हटलं, "पाकीट काढू नकोस. माझी मुलगी असती तर?"

"पाकीट नाही हो काका," ती म्हणाली, "रुमाल काढतेय."

गाडी सुटली. मंदाने विचारलं, या खेपेला विनिताकडे किती दिवस झाले हो?

म्हटलं, अकरा.