मेघालीच्या हळदीतली पेज

कार्यक्रमाचे अध्यक्ष मा. केसरीनाथशेठ, मंचावरचे सन्माननीय डॉक्टर, आज आपल्याला सोडून निघालेल्या सर्जन नेत्रा मॅडम, आणि समोर बसलेले सिस्टर, वॉर्डबॉय, पेशंट, सगळ्यांना राहनाळच्या ठकुबाईचा नमस्कार. शेठ, पाच मिनिटं दिलीत, पुरतील. मला लांबण लावता येत न्हाय.

मला जळजळीचा आजार होता. गोदाम झाडायला वाकले की पोटातलं आंबट पाणी घशाशी. झोपायचं तेही बसून. गोळ्यांना कंटाळून मॅडमकडे आले. म्हटलं, "ऑपरेशन करून मोकळं करा. पुढल्या महिन्यात माझ्या पोरीची, मेघालीची हळद हाय. मला वडे-मटण खायचंय."

"आधी नाकातून नळी घालून तपासू. तुमची अन्ननळी घास किती जोरात ढकलते ते बघायचंय."

"आजार पोटात आणि नळी नाकात? मला न्हाय जमायचं!"

"मग मलाही नाही जमायचं."

सांगा, पेशंटशी असं बोलतात का? मी पिशवी उचलली, दुसरा डॉक्टर शोधायला निघाले. बाईंनी अडवलं नाही. एवढंच म्हणाल्या, "जा. पण ठकुबाई, तिथेही ही तपासणी केल्याशिवाय टेबलावर चढू नका."

पेशंट हातचा गेला तरी जी बाई त्याचीच काळजी करते, तिला सोडून जायचं कुठे? अंजूरफाट्यावरून रिक्षा परत फिरवली.

तपासणीत माझी अन्ननळी दुबळी निघाली. या ऑपरेशनात जठराचा वरचा भाग अन्ननळीभोवती गुंडाळतात, मग आंबट वर येत नाही. पण दुबळ्या अन्ननळीला पूर्ण वेढा घातला तर घास वरच अडकणार. म्हणून मॅडम म्हणाल्या, वेढा अर्धवटच घालू, पुढून जागा मोकळी ठेवू.

"अर्धवट काम? आवळून टाका ना घट्ट!"

"आवळते. हळदीत वडा अडकला की मग मला बोलवा."

मी लगेच कागदावर सही केली. आमच्या मालकांनी मला लग्नानंतर पहिल्यांदाच कुणाचं ऐकताना बघितलं. ते बघा, तिकडे हसतायत.

ऑपरेशन झालं, जळजळ गेली. पण काही आठवडे नुसतं पातळ आणि मऊ. म्हणजे नवरीची आई मी, आणि माझ्या ताटात पेज! आपल्याकडचा हळदीचा आग्रह तुम्हाला ठाऊक आहे. आमची नणंद आक्का वडा घेऊन समोर उभी. "एकानं काय होतंय गं? पोरीच्या हळदीला वडा न्हाय खायाचा?"

माझा हात पुढे गेलाच होता. तेवढ्यात हळदीला आलेल्या मॅडम शेजारी येऊन बसल्या आणि वाढणाऱ्याला म्हणाल्या, "मलाही पेजच द्या." पाहुणी डॉक्टरीणबाई पेज पितेय म्हटल्यावर मला कोण आग्रह करणार? आक्का वडा घेऊन गुमान पुढे गेली. अख्ख्या मांडवात आम्ही दोघीच पेज प्यायलो, मटणाचा वास घेत.

आता मी आडवी झोपते, वाकून झाडते, सगळं खाते. मॅडम नाशिकला चालल्या. जाऊ द्या, माझ्यासारख्या हट्टी बाया तिथेही असतील. पण मॅडम, त्या दिवशीचे तुमचे वडे राहिलेत. सकाळी उठून तळलेत, मटणही आणलंय. शाल-श्रीफळ झालं की माझ्या शेजारी बसायचं. आणि घाई न करता, बारीक चावून खायचं. तुम्हीच शिकवलंत मला.

सगळ्यांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. शेठ, माइक घ्या, वडे निवतायत.