चावी कुणाकडं

सिल्लोडहून निघालेल्या बसमध्ये वहिदाच्या पुढच्या सीटवर नवरा-बायकोची जुंपली होती. दोन पोरी आईला चिकटून बसल्या होत्या.

"चिकलठाण्याला माझी नोकरी, आन् घर हर्सूलला घेतलं?"

"गावातली आपली सगळी भावकी आता हर्सूललाच हाय. अडीनडीला माणसं लागतात."

"दुसरीबी पोरगीच झाली म्हणून बारशाला न आलेली माणसं?"

"जुनं कशाला उकरती?"

"त्यांच्यापायीच गाव सोडलं ना? आन् आता त्यांच्याच शेजारी बसवता व्हय?"

"हळू बोल, मागं ऐकतेत."

वहिदानं खिडकीबाहेर पाहिलं.

"ऐकू द्या! घराची चावी आणा इकडं."

"चावी वहिनीकडं हाय. देवघर कुठं करायचं, ती बघून ठिवते म्हणली."

बाईनं धाकटीला कडेवर घेतलं.

"कंडक्टर, आम्ही तिघी हर्सूलपर्यंत येत न्हाई, आधी फुलंब्रीलाच उतरतो."