सायकलीचं गाऱ्हाणं

...नाही, मला एक सांगा, चोवीस पानांची पॉलिसी, त्यात 'हे मिळेल' असं दीड पान आणि 'हे मिळणार नाही' अशी साडेबावीस पानं, याला विमा म्हणायचा? आणि साधीसुधी सायकल नव्हे हो, कार्बनची! दोन बोटांवर उचलते मी. पाच वर्षं दहावीच्या शिकवण्या घेऊन घसा फोडला तेव्हा कुठे आली. पण जो तो विचारणार, "विनीतची काय गो?" विनीत म्हणजे आमचे हे, कुडाळला एमआयडीसीत असतात, स्कूटर नसली तर नाक्यापर्यंत जाताना दोनदा बसतात. त्यांची कुठली? सायकल माझी आहे!

तर उद्या, रविवारी, मालवण ते इन्सुली सायकलफेरी. जाऊन-येऊन शंभराच्या वर किलोमीटर. नाव दिलं मी. हौसेने! आणि त्या दिवसापासून सायकल वसरीत, म्हणजे ओसरीवर, पांघरूण घालून. का? तर विमा नाही! वाटेत डंपर, वाटेत कुत्री, वाटेत खड्डे... म्हटलं, विमा होईपर्यंत चाक अंगणाबाहेर नाही.

तुम्हाला सांगते, तीन कंपन्या चाळल्या. तिसरीची दिव्या मॅडम फोनवर, आवाज असा की जणू साखरेत घोळलाय... "मॅम, सायकल मुलाची की मिस्टरांची?" म्हटलं, माझी! "ओक्के मॅम. चोरी कव्हर्ड आहे, फक्त सायकल न हलणाऱ्या वस्तूला बांधलेली हवी." माडाला चालेल? "माड म्हणजे, मॅम?" नारळाचं झाड हो. "मॅम, ते हलतं का?" आता वाऱ्यावर माड हलणार नाही तर काय करणार? आणि मी शिक्षिका, खोटं तरी कसं सांगू? बरं, गंज? "गंज नाही, मॅम." अहो, समुद्र पन्नास पावलांवर, खिडकीचे गज खाऊन टाकतो, चेनला सोडणार आहे? "स्पर्धाही नाही, मॅम." स्पर्धा नाही, फेरी आहे! "पण मॅम, तुम्ही पुढच्याला गाठायचा प्रयत्न करणार का?"

...म्हटलं, मॅडम, तुम्ही माझा अर्ज पुढे पाठवा बघू!

सासूबाई सगळं ऐकत होत्या. सुभद्राबाई. कुळथाची पिठी ढवळता ढवळता म्हणाल्या, "काय गो, एवढ्या पानांत नाय नाय लिवलेला आसा, त्येचे पैशे देतंस? त्यापेक्षा रवळनाथाक एक नारळ दी मगे!" मी म्हटलं, आई, तसं नसतं... पण माझं कोण ऐकतंय? आज सकाळी बघते तर सायकल देवळात! हँडलला जास्वंद! आमची पाच वर्षांची गौरजा घंटी वाजवतेय, आणि अख्खी वाडी जमलेली. लवूकाका, म्हणजे देवळाचे मानकरी, आमचे गावकर, नारळ हातात घेऊन देवापुढे गाऱ्हाणं घालायला उभे.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" वाडी गरजली.

"ह्या तुझ्या लेकरान पाच वर्सा घसो फोडून ही सायकल घेतलेली आसा... तिच्या वाटेर डंपर येवंदे, कुत्रो येवंदे, खड्डो येवंदे, खारो वारो येवंदे, जो कोण आडवो येयत त्येका बाजूक कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मी हात जोडून मनात खुणा करतेय... डंपर, आला. कुत्रा, आला. गंज, तोसुद्धा आला! वगळलेलं एकही कलम नाही! डोळे भरून आले हो माझे. आणि मागे सासूबाई बाजूच्या नर्मदाकाकींना सांगतायत, अख्ख्या देवळाला ऐकू जाईल अशा, "विनीतची नाय गो, सायकल माझ्या सुनेची!" छाती अशी फुगली...

आणि नेमके तेव्हाच लवूकाका रंगात आले!

"आणि ही तुझी लेक उद्या इन्सुलीक जावन, कोणाच्या टेम्पोत न बसता, सगळ्या बाईमाणसांच्या पुढे परत येतली, आणि दर वर्सा जातली, असो तुका शब्द देतंय रे म्हाराजा!"

अहो काका, मला विचारलंत? पण तोवर "व्हय म्हाराजा!" झालं सुद्धा! सगळ्यांत मोठा आवाज कोणाचा? गौरजाचा. आणि दुसरा, नाक्यापर्यंत दोनदा बसणाऱ्या विनीतचा!

खरं सांगू? आपल्यातच राहू दे हं. विमा लांबावा असंच वाटत होतं मला. विमा नाही म्हणून गेले नाही, असं सांगायला किती बरं दिसलं असतं! भीती सायकलीची नव्हतीच. ह्या गुडघ्यांची होती.

घरी येते तोच दिव्या मॅडमचा फोन. "अभिनंदन मॅम! पॉलिसी मंजूर झाली. आणि काळजी करू नका, नको वाटली तर पंधरा दिवसांत रद्द करता येते."

म्हटलं, बाई गं, तुमची येते. आमच्या देवळातली नाही येत. ठेवते फोन, चाकांत हवा भरायचीय.