बुजवलेलं भोक

चहा दे आधी, मंदा. इंटरव्यू देऊन इथे दूधविनायकाला तुझ्या घरापर्यंत पायी आले, तरी डोकं तापलेलंच आहे.

आमच्या युनिव्हर्सिटीच्या रिझल्टच्या वेबसाइटमध्ये मला भोक सापडलं होतं ना? कुणीही आत शिरून मार्क बदलले असते. मी गुपचूप ऑफिसला कळवलं, त्यांनी गुपचूप बुजवलं. माझ्या संशोधनातलं सगळ्यात मोठं काम ते. त्यावरच तर प्रमोशन मागायला गेले होते.

इंटरव्यू कमिटीच्या अध्यक्षांनी समोरच मोबाइलवर वेबसाइट उघडली. "छेद कहाँ है, मॅडम? दिखाइए."

म्हटलं, "बुजवलंय सर, म्हणून दिसत नाही."

"ऑफिसवाले तर म्हणतात, भोक नव्हतंच."

वर शहाणपण काय, तर "इतकी घाई कशाला केलीत? इंटरव्यू होईपर्यंत थांबायचं. आम्हाला बघायला तरी मिळालं असतं!"

माझं टाळकंच सरकलं. म्हटलं, "थांबले असते सर, पण तुमच्या मुलीचा रिझल्टही त्याच वेबसाइटवर होता."

त्यांनी मोबाइल खाली ठेवला. मग साहेब हळूच विचारतात, "तिचे मार्क कुणी बदलले तर नाहीत ना?"

म्हटलं, "कसे बदलतील, सर? भोक तर नव्हतंच ना!"