लाल कोट माझा नाही

नाव: वर्ना हार्गिस (लग्नानंतरचं नाव प्रुइट, आता लावत नाही). वय ४७ वर्षे. धंदा: शाळेच्या भोजनगृहात स्वयंपाक. राहणार: शुगर मेपल रोड, कॉटर्स बेंड, टेनेसी.

मी आज शेरीफच्या कचेरीत आपण होऊन आले असून डेप्युटी हॉलिस टॅकेट यांच्यासमोर सांगते की, वरील पत्त्यावर मी एकवीस वर्षं राहते. मी ते घर सोडून कधीही गेलेली नाही.

माझा पूर्वीचा नवरा डेल्मर प्रुइट हा गाणी म्हणतो. दोन वर्षांपूर्वी, नऊ ऑक्टोबरला, रविवारी, दुपारचं जेवण झाल्यावर तो घर सोडून गेला. जाताना गिटार, बुटांचे दोन जोड आणि कुत्रा घेऊन गेला. मी व्हरांड्यात उभी होते. आमचं बोलणं झालं नाही. जेवताना त्याने मक्याच्या पावाचे तीन तुकडे खाल्ले होते. कुत्र्याबद्दल मला काही सांगायचं नाही.

पुढच्या वसंतात त्याचं गाणं आलं आणि खूप गाजलं. गाण्यात बायको पहाटे सहाला धुण्याच्या टोपलीत कपडे भरते, लाल कोट घालते आणि गाडी घेऊन पुलापलीकडे निघून जाते. कुत्रा फाटकात बसून तिची वाट बघतो. मी डेल्मरला फोन करून विचारलं, "गेलास तू, आणि गाण्यात मी कशी काय गेले?" तो म्हणाला, "अगं, गाण्यात बाईच जावी लागते. पुरुष निघून गेला तर ऐकणार कोण?" मी म्हटलं, "आणि कोट? माझ्याकडे आयुष्यात कधी लाल कोट नव्हता." तो हसला. म्हणाला, नॅशव्हिलला तिघांनी एका खोलीत बसून गाणं लिहिलं, आणि त्यात कोट तिसऱ्या माणसाने टाकला, चालीत बसत होता म्हणून. त्या माणसाने मला कधी पाहिलेलंसुद्धा नाही.

आधी मीही हसण्यावारी नेलं. लोक गाड्या थांबवून फाटकाचे फोटो काढायचे. एक बाई केंटकीहून आली होती. व्हरांड्यात बसून तिने मला विचारलं, "तुम्ही इथे भाड्याने राहता का? तिचा काही पत्ता?" मी तिला थंड चहा दिला आणि वाटेला लावलं.

मग गावातले सुरू झाले. दुकानात गल्ल्यावरची मुलगी माझं सामान पिशवीत भरताना म्हणाली, "वर्ना असताना हीच कॉफी न्यायची." मी म्हटलं, "बये, मीच वर्ना." ती म्हणाली, "हो, माहितेय ना," आणि सुटे पैसे हातात ठेवले. चर्चमध्ये दर महिन्याला सगळ्या बायका घरून एकेक पदार्थ आणतात. माझा पदार्थ म्हणजे घेवड्याची उसळ. ऑगस्टमध्ये यादीतून माझं नाव खोडलेलं होतं. तरी मी उसळ नेली. दुसऱ्या दिवशी माझं भांडं घासून-पुसून व्हरांड्यात ठेवलेलं, वर चिठ्ठी: "वर्नाचं. पत्ता कळला की पाठवणे." अक्षर कोणाचं ते मला ठाऊक आहे. ती बाई दर रविवारी माझ्याशेजारी बसते.

घटस्फोटाच्या वेळच्या कोर्टाच्या हुकुमाप्रमाणे मी त्या घरात राहत आहे तोवर घर माझं, मी सोडून गेले की डेल्मरचं. गेल्या सोमवारी त्याच्या वकिलाचा कागद आला. त्यात शेजारच्या नऊ जणांच्या सह्या आहेत, की त्यांनी मला घर सोडून जाताना डोळ्यांनी पाहिलं. येत्या गुरुवारी सुनावणी आहे.

नऊमधली पहिली सही ओपल लेडबेटरची. ती समोर राहते, वय ७१. मी तडक तिच्याकडे गेले. म्हटलं, "ओपल, परवा शनिवारी तू माझ्याकडून अंडी नेलीस. मग मी गेले कुठे?" ती म्हणाली, "इथे आहेस म्हणून काय झालं, पोरी? गेलीस ती गेलीसच ना. पुलावर तुझा लाल कोट दिसेनासा होईपर्यंत मी खिडकीत उभी होते." ओपलच्या खिडकीतून पूल दिसत नाही. मध्ये तिचंच कोठार आहे. मी तिला ते बोटाने दाखवलं. ती कोठाराकडे बघत राहिली आणि रडायला लागली. म्हणाली, "मी तुला थांबवायला हवं होतं." ती खोटं बोलत नव्हती. खोटं बोलत असती तर मला बरं वाटलं असतं.

माझं म्हणणं एवढंच, की कुठल्यातरी सरकारी कागदावर मी माझ्या घरात आहे अशी नोंद व्हावी. डेप्युटी टॅकेट यांना मी पहिलीपासून आठवीपर्यंत जेवायला वाढलं आहे. म्हणून त्यांच्याकडे आले.

इथवर लिहून डेप्युटी टॅकेट थांबले. काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाले, "मिस वर्ना, त्या दिवशी सकाळी पुलावर माझीच ड्यूटी होती. तुमची गाडी गेली. मी हात केला."

मी विचारलं, "मी परत हात केला?"

"नाही. तुम्ही रडत होता. म्हणून मी गाडी अडवली नाही."

मी सांगते की नऊ ऑक्टोबरला सकाळी सहाला मी डेल्मरसाठी मक्याचा पाव भाजत होते. मी त्या दिवशी रडले नाही. नंतरही नाही. शाळेत एक दिवस रजा घेतली नाही. मला आता भीती वाटते, हेही लिहावं. डेप्युटींचं म्हणणंसुद्धा मी जबाबात घ्यायला सांगितलं आणि त्यांनी ते घेतलं.

मी म्हटलं, "आता एवढं लिहा, की इथून मी सरळ घरी जाणार." त्यांनी अर्धं वाक्य लिहिलं, मान वर केली आणि अगदी मायेने विचारलं, "कुठल्या घरी?"

हा जबाब डेप्युटींनी मला मोठ्याने वाचून दाखवला. तो मी सांगितल्याप्रमाणे आहे. "वरील पत्त्यावर मी राहते" हे वाक्य मी त्यांना पुन्हा एकदा वाचायला लावलं, आणि मग सही केली.